निळ्या पट्टीच्या मागोमाग

४ जानेवारी

ही वही ह्यांनी आणून दिली. म्हणाले, "तुला भांडायची हुक्की आली की हिच्याशी भांडत जा. हिला कान नाहीत, मला आहेत." तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. वर्गात म्हणे कधी आवाज चढवला नाही. मग घरात कोणीतरी चढवायला नको का?

असो. आज आमच्या खोलीवर पाटी लागली. आमच्या म्हणजे माझ्या आणि चिमणीच्या. खोली पूर्वी एका शिंप्याची होती. फरशीच्या फटींतून अजून टाचण्या निघतात, आणि एका भिंतीवर माणसाएवढा आरसा आहे. तो काढायचा नाही म्हणून चिमणी हटून बसली. चिमणी माझ्या शेजारच्या टेबलावर चार वर्षं मदतनीस होती, आता भागीदार. चणीने एवढीशी आणि दिवसभर चिवचिव, म्हणून चिमणी. वय अठ्ठावीस. माझ्या निम्मंसुद्धा नाही.

मी सुरुवात केली ती दुकानांच्या काचांवर ब्रशने अक्षरं रंगवण्यापासून. मग छापखान्यात अक्षरं कापून गोंदाने चिकटवली. मग संगणक आला, तेव्हा बरोबरीच्या लोकांनी हाय खाल्ली, मी नाही खाल्ली. नंतरची सगळी वर्षं जाहिरात कंपनीत, शेवटी कलाविभागाची प्रमुख. आणि गेल्या महिन्यात कंपनीने कलाविभागच गुंडाळला आणि हातात फुलांचा गुच्छ ठेवला. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईने गुच्छ घेऊन घरी बसावं, अशी सगळ्यांची गोड समजूत. मी दुसऱ्या दिवशी चिमणीला फोन केला, वेगळं काही काढू या का? ती म्हणाली, "ताई, मला वाटलं तुम्ही विचारताय की नाही."

पाटी मात्र मनासारखी झाली नाही. मी पांढरीशुभ्र सांगितली होती, रंगाऱ्याने सायीच्या रंगाची आणून लावली. चिमणी म्हणते पांढरीच आहे. तिच्या पिढीला पांढरं काय असतं ते माहीतच नाही.

१२ जानेवारी

काम मिळालं! आणि साधंसुधं नाही, अख्खं इस्पितळ. सहा मजले, आणि लोक आत शिरले की हरवतात. क्ष-किरणासाठी आलेला माणूस प्रसूतिगृहात उभा. आम्ही पाट्या करायच्या, आणि जमिनीवर रंगीत पट्ट्या आखायच्या. ज्याला जिथे जायचंय त्याने त्या रंगाची पट्टी धरायची आणि चालत सुटायचं. वाचता येवो न येवो.

तिथल्या व्यवस्थापकाला मी टापटीप नाव ठेवलं आहे. टेबलावर कागदाचा कपटा नाही, पेनं उंचीप्रमाणे लावलेली. त्याने साफ सांगितलं. आधी तळमजल्याचा नमुना करून दाखवा, दोनच विभाग. नेत्रविभागाला निळी पट्टी, बालविभागाला हिरवी. पसंत पडलं तर सगळी इमारत तुमची, नाही तर नमस्कार.

आमच्याकडे दुसरं काम नाही. हे गेलं तर खोली सोडायची आणि चिमणीने कुठेतरी नोकरी धरायची. एका मोठ्या कंपनीचे फोन तिला येतच असतात, मी ऐकते. ती बाहेर जाऊन बोलते.

२० जानेवारी

आज मी चष्म्याशिवाय सुई ओवली!

पंधरा वर्षं नाकावर चष्मा घेऊन वाचत आले, आणि हल्ली बघते तर चष्मा काढलेलाच बरा. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचली. ह्यांना बोलावून दाखवलं. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. हे स्वतः वर्तमानपत्र हात लांब करकरून वाचतात.

चिमणीला सांगितलं तर ती खूश व्हायची सोडून म्हणते, "ताई, डोळे तपासलेत का इतक्यात?" अगं, सुधारलेले डोळे तपासायला कोण जातं? काहीतरीच.

३ फेब्रुवारी

काम चाललंय. पाट्यांची पार्श्वभूमी मला राखेकडे झुकणारी निळी हवी आहे. आजारी माणसाच्या अंगावर येणार नाही अशी, शांत. पण संगणकाच्या पडद्यावर काही केल्या ती जमत नाही, सगळं मळकट, मातकट दिसतं. चिमणी म्हणाली, "निळा पुष्कळ झालाय, ताई." मी म्हटलं, हा पडदा म्हातारा झाला. नवा पडदा आणला. त्यावरही तेच. मग टेबलावरचा दिवा बदलला. आता जरा बरं आहे.

घरीही तीच तऱ्हा. ह्यांचे पांढरे शर्ट चहात बुडवल्यासारखे. साबणाची पावडर बदला म्हणून ह्यांना तीनदा सांगितलं. कपडे धुण्याचं खातं ह्यांच्याकडे आहे. हे "हो हो" म्हणतात आणि तीच पावडर आणतात.

रस्त्यावरच्या दिव्यांचंही तेच. संध्याकाळी समोरून मोटार आली की दिव्याभोवती हा एवढा पिसारा. कसले दिवे लावतात हल्ली!

९ फेब्रुवारी

भिंत लावून झाली. ही माझी जुनी खोड आहे, कंपनीतही होती. भिंतीवर डावीकडे मी सही करून पक्का केलेला कागद टाचायचा, आणि उजवीकडे छापून बाजारात आलेली वस्तू. दोन्ही शेजारी शेजारी एक दिसली पाहिजेत. नाही दिसली तर छापखान्याची धडगत नाही. गेल्या दोन वर्षांची सगळी कामं लावली आणि एकूण एक जोडी जुळ्या भावांसारखी आहे. खोलीत आलेल्या माणसाला मी आधी ही भिंत दाखवते.

मध्यभागी साबणाचं खोकं. त्याला गेल्या वर्षी बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं होतं, "रंगांतला संयम विशेष." पितळेचं सन्मानचिन्ह खाली फळीवर ठेवलंय. मी संयमी! हे अजून हसतात.

भिंत बघताना चिमणी मात्र माझ्याकडे बघेना. नखं कुरतडत होती.

११ फेब्रुवारी

चिमणीच्या बहिणीचे दिवस भरत आलेत, ती दोन आठवडे तिकडे चालली. जाताना दहा वेळा म्हणाली, "छपाईला द्यायच्या आधी मला एकदा पाठवा हं. नक्की पाठवा." मी म्हटलं, तू बाळ सांभाळ, मी रंग सांभाळते.

२३ फेब्रुवारी

नाही पाठवलं. का पाठवायचं? मी ह्या पोरीच्या जन्माआधीपासून रंग जुळवतेय. पाट्या आणि पट्ट्या, दोन्हींवर सही करून छापखान्याला दिल्या. पट्ट्यांचे तुकडे खिडकीशी धरून पाहिले, निळी निळी आणि हिरवी हिरवी.

२५ फेब्रुवारी

काय चाललंय मला कळत नाही.

पाट्या लागल्या. टापटीपने फोन करून बोलावलं. मी गेले, पाहिल्या, छान दिसत होत्या, अगदी हवी होती ती राख. तो म्हणाला, "बाई, हे इस्पितळ आहे. पोहण्याचा तलाव नाही." मला वाटलं चेष्टा करतोय. शेजारून जाणारी एक बाई पाटी बघून डोळे किलकिले करत म्हणाली, "केवढा भडक निळा!"

भडक? कुठे आहे भडक?

तडक छापखान्यात गेले. छापखानेवाल्याला नको नको ते बोलले. तो आपला माझा सही केलेला कागद आणि पाटीचा तुकडा शेजारी ठेवून उभा. "बाई, तुम्ही दिलं तेच छापलंय. बघा." मी बघितलं. खरंच तेच होतं. मग लोकांना काय झालंय?

२७ फेब्रुवारी

चिमणी आली. बहिणीला मुलगी झाली. पेढेबिढे राहिले बाजूला, ती सरळ इस्पितळात जाऊन पाट्या आणि पट्ट्या बघून आली आणि दारातच म्हणाली, "ताई, तुम्ही मला पाठवल्या का नाहीत?"

मी म्हटलं, "का? तू कोण तपासनीस?"

"निळा खूप जास्त आहे. पट्ट्यांतसुद्धा."

"मला रंग शिकवू नकोस. तुझ्या वयाची होते तेव्हा मी—"

"ठाऊक आहे. काचांवर अक्षरं रंगवायचात."

ते तिने ज्या सुरात म्हटलं ना! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुला त्या मोठ्या कंपनीत जायचंय तर सरळ सांग, माझ्या कामात खोट काढून जाऊ नकोस. म्हटलं, माझ्या हाताखाली शिकलीस आणि आता माझ्याच डोक्यावर बसतेस. अजूनही पुष्कळ म्हटलं. ती ऐकत राहिली. पर्स उचलली. आरशापाशी थांबली, आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गेली.

जाऊ दे.

१ मार्च

गेली ती गेलीच. फोन नाही. मीही केला नाही.

५ मार्च

आज जे झालं ते ह्या वहीलासुद्धा सांगायची लाज वाटते.

टापटीपने पट्ट्या बघायला बोलावलं होतं. मी म्हटलं, पाट्यांचं राहू द्या, पट्ट्यांचं बघा. तो म्हणाला, "मग तुम्हीच चालून दाखवा. समजा तुम्हाला नेत्रविभागात जायचंय." मी पदवीदान समारंभाला निघाल्यासारखी निघाले. दारापासून दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी जातात, औषधांच्या खिडकीपाशी फाटा फुटतो. तिथे खिडकी नाही, एक पिवळट दिवा. मी माझी पट्टी धरली आणि वळले. लांबलचक बोळ, मग आणखी एक वळण. मनात म्हटलं, बघा, कोणाला काही विचारावं लागलं का?

समोर दार आलं. दारावर फुगा धरलेलं अस्वल.

आतून नर्स आली, हसली आणि म्हणाली, "आजी, नातवंडाला भेटायचंय का?"

आजी! मी मागे वळले. टापटीप उभा होता. रागावला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "निळी डावीकडे गेली, बाई. ही हिरवी." मी खाली बघितलं. बघत राहिले. ती निळीच होती. शपथ घेऊन सांगते, मला ती निळीच दिसत होती. नर्सकडे बघितलं, तर ती आता हसत नव्हती.

माझी पट्टी. मी आखलेली. आणि मी चुकले.

टापटीप म्हणाला, महिनाभर थांबतो, नवा नमुना आणा, नाही जमलं तर दुसरा माणूस बघतो. बाहेर येऊन पायरीवर बसले. दिव्यामुळे झालं असेल. तिथला दिवाच तसला आहे. दिव्यामुळेच.

७ मार्च

मोजे घालताना निळ्या मोज्याच्या आत काहीतरी टोचलं. उलटा केला तर अंगठ्यापाशी लाल दोऱ्याचा टाका. दुसऱ्यातही. कपाट उपसलं, तर सगळ्या निळ्या मोज्यांना टाका, काळ्यांना एकालाही नाही.

"अहो, हे काय?"

हे वर्तमानपत्र हात लांब करून वाचत होते. "तू एक निळा आणि एक काळा घालून जायचीस. लोक बघायचे. म्हणून घातले टाके."

"कधीपासून?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, मोजे विकणाऱ्याने फसवलं." मग वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "चल ना, डोळे दाखवून येऊ."

"मला सुई ओवता येते!" मी ओरडले. मग रडायला आलं. का आलं कळत नाही. माझे डोळे म्हणजे मी आहे. ते गेले तर मागे उरतं काय, एक तोंडाळ म्हातारी?

हे उठले. मोजे जोडीजोडीने परत लावत बसले.

१० मार्च

त्याच इस्पितळातल्या नेत्रविभागात गेलो. पट्टी बघायची नाही म्हणून मी ह्यांचा हात धरून, मान वर करून चालत गेले.

डॉक्टरीणबाई तरुण आहे. दोन्ही डोळ्यांत दिवा घालून बघितलं आणि म्हणाली, "चष्मा सुटला असेल ना तुमचा मध्यंतरी? सुईबिई ओवता यायला लागली असेल?"

मी म्हटलं, हो! बघा, तुम्हीच सांगा ह्यांना!

"तीच तर खूण. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. आतलं भिंग घट्ट होत जातं, त्याचा नंबर बदलतो, म्हणून जवळचं थोडे दिवस छान दिसतं. पण भिंग पिवळं, तपकिरी होत जातं. तुम्ही सगळं जग चहाच्या पेल्यातून बघताय. निळा रंग त्यात सगळ्यात आधी बुडतो. हळूहळू होतं, म्हणून बाईला स्वतःला पत्ता लागत नाही."

"किती दिवस झाले असतील?"

"दोन वर्षं तरी. काम काय करता तुम्ही?"

ह्यांनीच सांगितलं. डॉक्टरीणबाई "अरे बापरे" म्हणाली आणि तारीख दिली. आधी उजवा, मग डावा.

घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. ह्यांना भीती वाटली असावी. दोन वर्षं! मग साबणाचं खोकं? ते कसं जमलं? बक्षीस कसं मिळालं? काही टोटलच लागत नाही.

१९ मार्च

काल उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आज पट्टी काढली.

काय लिहू? पांढरं. पांढरं पांढरं असतं, मी विसरलेच होते. उशीचा अभ्रा, नर्सचे बूट, कपाची कड. खिडकीतलं आकाश तर इतकं निळं की कोणीतरी उगाच जास्त ओतल्यासारखं.

मग हे आत आले. ह्यांचे केस. मला वाटत होतं अजून करडे आहेत. कापसासारखे पांढरे झालेत. गालावर डाग आहेत, हे केव्हा आले? दोन वर्षांत हा माणूस म्हातारा झाला आणि मी रोज समोर बसून बघितलं नाही. "काय बघतेस?" म्हणाले. म्हटलं, शर्ट स्वच्छ धुतलाय तुम्ही. "तीच पावडर आहे," म्हणाले.

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली जळमटंही दिसली. म्हणजे सगळंच काही चांगलं दिसत नाही.

२३ मार्च

आज खोलीवर गेले. एकटीच. पाटी पांढरी आहे. रंगाऱ्या, माफ कर बाबा.

आत दिवा लावला आणि भिंतीकडे बघितलं.

मला वाटलं कोणीतरी माझे कागद काढून दुसरेच टाचलेत. डावीकडे, माझ्या सहीखाली, सगळं भगभगीत. निळे अंगावर धावून येणारे, जांभळे सूज आल्यासारखे. उजवीकडे छापून आलेल्या वस्तू शांत, सुरेख, नेमक्या. जुळे भाऊ कसले, एकमेकांच्या नात्यातलेही नाहीत. साबणाचं खोकं तर असं, की माझा कागद बक्षिसाला गेला असता तर परीक्षकांनी डोळे धुतले असते.

उजवा डोळा झाकला, सगळे जुळे. डावा झाकला, सगळे परके. किती वेळ हा खेळ करत उभी होते कोण जाणे. आरशात दिसत होतं, एक म्हातारी एकदा हा डोळा झाकतेय, एकदा तो.

माझी सही झाल्यावर आणि छापखान्यात जायच्या आधी कोणीतरी प्रत्येक काम बदललं होतं. दोन वर्षं. कागद पोचवायला कोण जायचं? चिमणीच जायची.

खुर्चीवर बसले. संताप आला की लाज वाटली, नीट सांगता येत नाही. दोन्ही एकाच वेळी आले आणि एकमेकांत अडकले. माझ्या पाठीमागे! माझ्या सहीवर! आणि तिच्यामुळेच मी दोन वर्षं चांगली दिसले. मी तिला काय काय बोलले त्या दिवशी. आणि ती गप्प ऐकत होती. एक वाक्य बोलली असती तर तिला मला तिथल्या तिथे गाडता आलं असतं.

बक्षीस कोणाचं आहे? खोक्यावरची अक्षरं माझी, मांडणी माझी, रंग तिचे. संयम तिचा. तो माझा कधीच नव्हता, ह्यांना विचारा.

२५ मार्च

सन्मानचिन्ह पिशवीत घालून चिमणीच्या घरी गेले. तीन जिने चढून धापा टाकत. तिच्या आईने दार उघडलं, माझ्याकडे बघून "या" म्हणाली, पण त्या "या"त काही दम नव्हता. चिमणी आत इस्त्री करत होती.

मी पिशवी टेबलावर ठेवली. "हे तुझं आहे."

तिने आत बघितलं. "भिंत बघितलीत?"

"बघितली. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यावर बघितली. चिमणे, सांगितलं का नाहीस मला?"

तिने इस्त्री आडवी होती ती उभी केली. "सांगितलं होतं, ताई. गेल्याच महिन्यात सांगितलं तेव्हा तुम्ही पडदा बदललात. मग दिवा बदललात. कंपनीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तर छापखाना बदलला होतात. त्या बिचाऱ्याचं काम गेलं. तेव्हाच मी ठरवलं, फारसं सांगायचं नाही. आपलं गुपचूप दुरुस्त करायचं."

"पण का? तुला काय पडलं होतं?"

"कळलं असतं तर तुम्ही काम सोडलं असतं. मला तुमच्याकडून अजून शिकायचं होतं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मला राग पण यायचा. बक्षीस घ्यायला तुम्ही एकट्या गेलात ना, तेव्हा मी इतकी रडले होते."

मी खाली बसले. म्हटलं, "माझं चुकलं. बोलले ते चुकलं आणि ऐकलं नाही ते त्याहून चुकलं." अख्ख्या आयुष्यात हे वाक्य मी किती वेळा म्हटलंय ते ह्यांना तोंडपाठ आहे. तिने पुन्हा इस्त्री हातात घेतली, पण तिच्या आईने चहा आणला आणि सोबत दोन बिस्किटं ठेवली.

"ती मोठी कंपनी?" मी विचारलं.

"त्यांनी एक तारखेपर्यंत कळवायला सांगितलंय." शर्टाची कॉलर ती पुन्हा पुन्हा दाबत होती. "नमुना मात्र करून देते. पाट्या, पट्ट्या सगळं. मग बघू."

मग बघू. जिना उतरताना हेच दोन शब्द डोक्यात वाजत होते. तिने जावं हे रास्त आहे. तिने जाऊ नये असं मला वाटतं. दोन्ही खरं आहे आणि मला काही सुचत नाही.

३१ मार्च

आज चिमणीने केलेल्या पट्ट्यांचे तुकडे घेऊन आम्ही दोघी इस्पितळात गेलो. पाट्या आता खरोखर राखेच्या निळ्या झाल्यात, टापटीप दोनदा "वा" म्हणाला. पट्ट्याही सुंदर. मऊ निळी, मऊ हिरवी. औषधांच्या खिडकीपाशी, त्या पिवळट दिव्याखाली जमिनीवर चिकटवल्या. टापटीप म्हणाला, "हे झालं काम." चिमणी हसली. मीही हसणार होते.

पण आता मला खोडच लागलीय. उजवा डोळा झाकला.

पट्ट्या गायब. म्हणजे होत्या दोन्ही, पण दोन्ही एकच. मातकट, जुन्या कापडासारख्या. कुठली कुठे जाते, देव जाणे.

"चिमणे," मी म्हटलं, "मला एकच रंग दिसतोय."

"डावा डोळा आहे तो, ताई. त्याचं ऑपरेशन व्हायचंय."

"अगं, पण नेत्रविभागात कोण जाणार? असाच डावा डोळा घेऊन येणारी माणसं जाणार ना? चांगल्या डोळ्यांनी तिकडे कोण मरायला जातं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग टापटीपकडे. टापटीपने खिशातलं पेन काढलं आणि उगाच परत ठेवलं. डोळे गेलेल्या माणसाला बोट धरून न्यायला आम्ही तिघांनी मिळून असा रंग निवडला होता, जो त्याला दिसतच नाही! आणि चिमणीच्या चांगल्या डोळ्यांना हे जन्मात कळलं नसतं. माझ्या वाईट डोळ्याला कळलं.

मग आम्ही तिथेच जमिनीवर बसलो. येणारे-जाणारे आम्हाला ओलांडून जात होते. चिमणी पिशवीतून एकेक रंगाचा तुकडा काढून दिव्याखाली ठेवायची, मी एकेक डोळा झाकून सांगायची. हा दिसतो. हा बुडाला. हा दोन्ही डोळ्यांना आवडतो. शेवटी नेत्रविभागाला विटेसारखा गडद लाल ठरला, रुंद पट्टी. बालविभागाला फिकी हिरवी, पण सलग नाही, छोट्या पावलांची. आता रंग कळला नाही तरी पावलं कळतील. बालविभागातली ती नर्स येऊन बघून गेली. ह्या वेळी मला आजी म्हणाली नाही.

टापटीप म्हणाला, "सहाही मजले असेच तपासून द्याल?"

डॉक्टरीणबाईला फोन करून सांगितलं, डाव्या डोळ्याची तारीख पुढे ढकला, मला तो कामाला लागतोय. तिने मला येडी म्हटलं नाही एवढंच. महिनाभर दिलाय.

१ एप्रिल

सकाळी खोलीवर गेले तर कुलूप उघडं. चिमणी संगणकासमोर. पितळेचं सन्मानचिन्ह तिच्या टेबलावर, कागदांवर दाबायला ठेवलेलं.

आज एक तारीख. विचारायचं नाही असं मी जिन्यात ठरवलं होतं, आणि दारात पाय ठेवताच विचारलं. "कळवलंस त्यांना?"

"कळवलं."

"काय कळवलंस?"

तिने खुर्ची पुढे ओढली. पडद्याकडे बघत होती. पहिल्या मजल्याच्या पाट्या उघडल्या होत्या, मी काल रात्री बसून केलेल्या आणि सही करून ठेवलेल्या. मी म्हटलं, "चिमणे, महिनाभराने माझे दोन्ही डोळे चांगले होतील. मग गुपचूप दुरुस्त करायला कोणी लागणार नाही. म्हणजे तुला थांबायचं काही कारण नाही. पण तू थांबावंस असं मला वाटतं. फार वाटतं. आणि थांबलीस तर माझ्या कामात जे बदलायचं ते बदल, पण मला ऐकू येईल असं बदल."

ती जराशी वळली. मग माउस हातात घेतला आणि शेजारच्या दुकानातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "ताई, हा निळा वीसने कमी करतेय!"

मी आधी उजव्या डोळ्याने बघितलं, मग डाव्याने.

"पंधराने," मी म्हटलं.

"वीस."

"पंधरा. रंग मला शिकवू नकोस."

"शिकवणार!"

दुपारपर्यंत तेच चाललं होतं. हे डबा घेऊन आले, दारातच थोडा वेळ ऐकत उभे राहिले, आणि डबा ठेवून हसत हसत गेले. वहीत आज फार लिहायचं उरलं नाही. भांडून झालंय.